दोन डोळे, एक उडी आणि तुमची उंची

१८५८ सालचा सप्टेंबर महिना. तेव्हाच्या प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, व्हेट्झलार नावाचं गाव आहे. तिथल्या भल्याथोरल्या जुन्या कॅथेड्रलच्या भिंतीलगत दोराने एक टोपली टांगली होती. टोपलीत बसून आल्ब्रेख्ट मायडेनबाउर नावाचा चोवीस वर्षांचा तरुण खिडक्या आणि कमानी मोजत होता. पट्टी लावायची, आकडा लिहायचा, टोपली सरकवायची, पुन्हा पट्टी लावायची. दिवस मावळत आला तेव्हा त्याने ठरवलं, आता खाली-वर करत बसण्यापेक्षा टोपलीतूनच समोरच्या खिडकीत पाय टाकू. त्याने पाय टाकला मात्र, टोपली मागे सरकली! खाली जमीन कुठल्या कुठे. एका हाताने भिंत घट्ट धरून त्याने टोपली पायाने जोरात मागे ढकलली, आणि त्या धक्क्याने तो स्वतः खिडकीच्या आत जाऊन पडला. जीव वाचला.

दुसरा कुणी असता तर त्याने मोजमापाचं कामच सोडलं असतं. मायडेनबाउरच्या डोक्यात मात्र एक प्रश्न घोळायला लागला: चर्चचा फोटो काढला तर त्यात खिडकी, कमान, खांब सगळं येतं, मग भिंतीला लोंबकळून मोजायचं कशाला? फोटोतूनच का नाही मोजायचं? तेव्हा फोटो काढण्याची कला जेमतेम वीस वर्षांची होती. या प्रश्नाच्या मागे तो पुढे जन्मभर लागला. १८८५ साली बर्लिनमध्ये जुन्या इमारतींची मापं फोटोंवरून घेणारी सरकारी संस्थाच त्याने उभी केली. दुसऱ्या महायुद्धात अनेक इमारती पडल्या, तेव्हा त्या पुन्हा उभारताना याच फोटोंचा उपयोग झाला.

इमारत बिचारी एका जागी उभी असते. आपण थोडेच तसे असतो? आपण श्वास घेतो, डुलतो, गुदगुल्या झाल्या की हसतो. तरीही आज कॅमेरे माणसाची उंची, छाती, कंबर, बाहीची लांबी, अगदी पायाचा घेरसुद्धा मोजतात, अंगाला टेपचा स्पर्शही न करता. हे कसं जमतं ते बघू. थोडं गणित येईल, पण गुणाकार-भागाकारापुढे फारसं नाही.

आधी एक अडचण समजून घ्या. गेटवे ऑफ इंडियासमोर काढलेले गमतीचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मित्र हात पसरून उभा, आणि अख्खा गेटवे त्याच्या तळहातावर! कॅमेऱ्याच्या लेखी तळहात आणि गेटवे सारखेच मोठे, कारण फोटोत दोघांनी सारखीच जागा व्यापलेली आहे. तळहात जवळ आहे आणि गेटवे लांब आहे, ही गोष्ट फोटोत कुठे लिहिलेलीच नसते. म्हणजे एका फोटोवरून माणसाची उंची सांगायची तर त्यात पंचाईत आहे. फोटोतला माणूस जवळ उभा असलेला पाचवीतला मुलगा असेल किंवा लांब उभा असलेला ताडमाड पहिलवान असेल. कॅमेऱ्याला हवा असतो आणखी एक आकडा. तो आहे अंतर. तेवढं कळलं की काम फत्ते.

आणि अंतर ओळखायची विद्या तुमच्या चेहऱ्यावरच आहे.

उजवा हात समोर सरळ ताठ धरा. अंगठा वर करा. आता डावा डोळा मिटा आणि अंगठ्यामागे काय दिसतं ते बघा. खिडकीचा गज, कॅलेंडर, काहीही असेल. हात न हलवता डोळा बदला, डावा उघडा आणि उजवा मिटा. अंगठा टुणकन बाजूला उडाला ना? हात तर हलला नाही! आता कोपर वाकवून अंगठा नाकाजवळ आणा आणि तेच करा. या वेळी उडी केवढी तरी मोठी होते. वस्तू जवळ तर उडी मोठी, वस्तू लांब तर उडी छोटी. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ सेंटीमीटर अंतर असतं, म्हणून दोन्ही डोळ्यांना जग जरा वेगवेगळ्या जागेवरून दिसतं. मेंदू ती दोन चित्रं शेजारी ठेवतो, प्रत्येक वस्तूची उडी बघतो आणि आपल्याला कळायच्या आत सांगून टाकतो: पेला जवळ आहे, तांब्या मागे आहे.

या उडीवरून मैदानावरची अंतरंही काढता येतात. तुमचा हात तुमच्या डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट लांब असतो. म्हणून लांबच्या वस्तूसमोर अंगठा जितका सरकलेला दिसतो, त्याच्या दहापट अंतरावर ती वस्तू असते. समजा, दूर रस्त्यावर एसटी उभी आहे. एक डोळा मिटून अंगठा तिच्या पुढच्या टोकावर धरला, डोळा बदलला, आणि अंगठा बरोबर मागच्या टोकावर गेला. एसटीची लांबी ११ मीटर धरा. मग ती तुमच्यापासून अंदाजे ११० मीटरवर आहे. शाळेच्या सहलीत हे करून बघाच.

दोन डोळ्यांचं हे गुपित पहिल्यांदा नीट सिद्ध केलं ते इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टननी, १८३८ साली. त्यांनी एकाच वस्तूची दोन चित्रं रेखाटली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसं आणि एक उजव्या डोळ्याला दिसेल तसं. मग दोन आरसे अशा कोनात बसवले की प्रत्येक डोळ्याला फक्त त्याचंच चित्र दिसावं. बघणाऱ्याला कागदावरच्या रेघा चक्क हवेत उभ्या असलेल्या ठोकळ्यासारख्या दिसायला लागल्या. या यंत्राला त्यांनी स्टिरिओस्कोप असं नाव दिलं. आणि गंमत बघा, फोटोचा शोध जगापुढे आला १८३९ साली. म्हणजे त्रिमितीचा खेळ हाताने काढलेल्या चित्रांवर आधी रंगला आणि फोटो मागून आला!

फक्त माणसांनाच हे जमतं असं नाही. प्रार्थना कीटक तुम्ही बागेत पाहिला असेल, पुढचे दोन पाय जोडून बसणारा हिरवा खंडोबाचा किडा. त्याच्या मेंदूत दहा लाखसुद्धा पेशी नसतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि जेनी रीड या शास्त्रज्ञांनी या किड्यांना चिमुकले चष्मे बसवले. एक काच निळी, एक हिरवी, आणि चिकटवायला मधमाशीचं मेण. समोर एक छोटा पडदा आणि पडद्यावर हलणारा ठिपका. ठिपका साधा दाखवला, तर किडा ढिम्म. दोन डोळ्यांना वेगवेगळा दाखवून तो हवेत, अगदी त्याच्या पुढच्या पायांच्या टप्प्यात असल्याचा भास करून दिला, की किडा झडप घालायचा! २०१६ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग झाल्यावर चष्मे काढून ठेवले जायचे. एवढ्याशा किड्याला भक्ष्य किती लांब आहे ते दोन डोळ्यांच्या फरकातून कळतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

तर आता किड्याऐवजी कॅमेरे घेऊ. एका दांडीवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवा, मध्ये १२ सेंटीमीटर अंतर. दोघांनी एकाच क्षणी फोटो काढायचा. समोर उभी आहे सहावीतली मुक्ता. फोटो म्हणजे बारीक बारीक चौकोनांची जाळी असते, त्या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. मुक्ताच्या कॉलरचं बटण डाव्या फोटोत ज्या जागी आहे, त्याच्यापेक्षा उजव्या फोटोत ते ६० पिक्सेल सरकलेलं आहे. ही झाली बटणाची उडी.

आता गणित. प्रत्येक कॅमेऱ्याचा, त्याच्या भिंगावरून ठरणारा एक आकडा असतो. आपल्या कॅमेऱ्याचा तो १००० धरू. हा आकडा गुणिले दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, म्हणजे १००० गुणिले १२, झाले १२,०००. याला उडीने भागायचं. १२,००० भागिले ६० म्हणजे २००. मुक्ता कॅमेऱ्यापासून २०० सेंटीमीटर, म्हणजे २ मीटरवर आहे! उडी ३० असती, तर उत्तर आलं असतं ४०० सेंटीमीटर. उडी निम्मी झाली, अंतर दुप्पट झालं.

अंतर कळलं की उंची हातातच आली. फोटोत मुक्ता टाचेपासून डोक्यापर्यंत ६५० पिक्सेल आहे. ६५० ला २०० ने गुणा आणि १००० ने भागा. १३० सेंटीमीटर. ही मुक्ताची उंची. आणि समजा, तेवढेच ६५० पिक्सेल व्यापणारा माणूस ३ मीटरवर उभा असता, तर? ६५० गुणिले ३०० भागिले १०००, म्हणजे १९५ सेंटीमीटर. तोच तो मघाचा ताडमाड पहिलवान. एका फोटोत दोघे अगदी सारखे दिसले असते. दुसऱ्या फोटोने त्यांचं पितळ उघडं पाडलं.

हात वाकलेला असेल, पाय पुढे असेल, तरी बिघडत नाही. खांद्याचा बिंदू आणि मनगटाचा बिंदू, दोन्ही किती लांब, किती उंच, किती डावीकडे-उजवीकडे आहेत ते कॅमेऱ्यांना माहीत असतं. मग त्यांच्यामधलं अंतर काढायला सातवीतलं पायथागोरसचं प्रमेय पुरतं.

वाचायला सोपं वाटलं ना? खरी मेहनत तर पुढेच आहे. मुक्ताच्या कॉलरचं बटण उजव्या फोटोत कुठे आहे हे तुम्ही बघता क्षणी सांगाल. संगणकाला बटण म्हणजे काय ते कुठे ठाऊक? त्याच्यापुढे असतात नुसते आकडे, या पिक्सेलवर उजेड एवढा, त्या पिक्सेलवर तेवढा. डाव्या फोटोतला एक चिमुकला तुकडा घ्यायचा आणि उजव्या फोटोत त्याच्यासारखा तुकडा शोधायचा, असं तो करत बसतो. कॅमेरे नीट जुळवलेले असले तर त्याच एका ओळीत शोधलं तरी भागतं, अख्खा फोटो पालथा घालावा लागत नाही. पण मुक्ताने शाळेचा पांढराशुभ्र शर्ट घातलाय! पांढऱ्याशेजारी पांढरं, त्याच्याशेजारीही पांढरं. कुठला तुकडा कुठल्याचा जोडीदार? संगणक गोंधळतो.

चौकड्याचा शर्ट घातला तर आणखी मजा. सगळे चौकोन सारखेच. समजा, दर १० पिक्सेलला तोच चौकोन पुन्हा येतो. संगणकाने पोटावरचा चौकोन शेजारच्या चौकोनाशी जुळवला आणि ६० ऐवजी ७० उडी धरली. १२,००० भागिले ७० म्हणजे साधारण १७१. झालं! मुक्ताचं पोट एकदम २९ सेंटीमीटर पुढे आलं! एका चौकोनाची चूक, आणि मुक्ताचा गणपतीबाप्पा झाला.

या अडचणीवरचा तोडगा ठिपक्यांमध्ये आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बेला युलेश नावाचे शास्त्रज्ञ होते, मूळचे हंगेरीचे, पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करणारे. त्यांना प्रश्न पडला, मेंदू आधी वस्तू ओळखतो आणि मग तिचं अंतर काढतो, की ओळख न पटताच अंतर काढू शकतो? १९६० च्या सुमारास त्यांनी संगणकाकडून दोन चित्रं काढून घेतली. दोन्हींत नुसते काळे-पांढरे ठिपके, कसेही विखुरलेले. ना फूल, ना चेहरा, ना रेघ. फक्त मधल्या चौकोनातले ठिपके एका चित्रात किंचित बाजूला सरकवलेले. एकेक चित्र बघा, काही म्हणजे काही दिसत नाही. पण डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरं दाखवलं की ठिपक्यांच्या गर्दीतून एक चौकोन अलगद वर तरंगायला लागतो! मेंदूला वस्तू ओळखायची गरजच नव्हती. ठिपक्याला ठिपका जुळला, उडी कळली, अंतर कळलं.

तेच कॅमेऱ्यांनाही चालतं. पांढऱ्या शर्टावर खुणा नाहीत ना, मग आपणच टाकू! मुक्ताच्या अंगावर हजारो ठिपक्यांचा प्रकाश पाडायचा, पण असा की तिला तो दिसू नये. त्यासाठी इन्फ्रारेड किरण वापरतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसू शकतात. खोटं वाटतंय? टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा नुसत्या डोळ्यांना विझलेला दिसतो, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर तो जांभळट लुकलुकताना दिसतो. २०१० साली बाजारात आलेलं कायनेक्ट नावाचं खेळाचं यंत्र असे ठिपके खोलीभर पसरायचं आणि खेळणाऱ्याचे हातपाय कुठे आहेत ते ओळखायचं. त्यात तर ठिपके बघणारा कॅमेरा एकच होता. ठिपके टाकणारा दिवाच दुसऱ्या डोळ्याचं काम करायचा, कारण कुठला ठिपका कुठल्या दिशेने सोडला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. २०१७ पासून काही आयफोन मालकाचा चेहरा ओळखताना त्यावर ३० हजारांहून जास्त अदृश्य ठिपके पाडतात, तेही याच विद्येने.

दुसरी मेहनत आहे नेमकेपणाची. ६० ऐवजी ५९ पिक्सेल उडी मोजली, एका पिक्सेलची चूक, तर २०० सेंटीमीटरऐवजी साधारण २०३ येतात. तीन सेंटीमीटरची चूक चालेल? शर्टाला कदाचित चालेल, बुटाला मुळीच नाही. माणूस ४ मीटरवर असेल, तर तीच एका पिक्सेलची चूक जवळजवळ १४ सेंटीमीटरांची होते. अंतर दुप्पट, चूक चौपटीहून जास्त! म्हणून अंग मोजणारे कॅमेरे माणसाच्या जवळ ठेवतात आणि संगणक पिक्सेलच्याही दहाव्या भागापर्यंत जुळवाजुळव करतो. शिवाय भिंगामुळे सरळ दाराची चौकट फोटोत थोडी फुगते. ती फूग काढून टाकण्यासाठी काम सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यांसमोर बुद्धिबळाच्या पटासारखा एक पट वेगवेगळ्या कोनांतून धरतात. पटावरचा प्रत्येक चौकोन केवढा आहे ते आधीच माहीत असतं. फोटोत तो कसा आणि किती वाकडा दिसतो यावरून संगणक कॅमेऱ्यांची सगळी खोड ओळखून घेतो. हे न करता घेतलेल्या मापावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

आणि पाठीचं काय? समोरच्या कॅमेऱ्यांना मुक्ताची पाठ दिसणारच नाही. मग छातीचा घेर कसा कळणार? यावर पॅरिसमधल्या फ्रान्स्वा विलेम या शिल्पकाराने १८६० च्या आसपास जे केलं ते आजही वाचताना नवल वाटतं. त्याने एक गोल खोली बांधली, वर काचेचा घुमट. माणसाला मधोमध उभं करायचं आणि भोवती २४ कॅमेरे, दर १५ अंशांवर एक. हिशेब करून बघा, २४ गुणिले १५ म्हणजे पूर्ण ३६०! माणसाने काही सेकंद निश्चल राहायचं आणि सगळ्या कॅमेऱ्यांनी एकदम फोटो घ्यायचे. मग एकेका फोटोतली बाह्यरेषा तो एका यंत्राने मातीवर उतरवायचा आणि माणसाचा हुबेहूब पुतळा तयार व्हायचा. आजच्या शरीर स्कॅनरमध्येही माणसाच्या चहूबाजूंनी कॅमेरे असतात, किंवा कॅमेरा स्थिर ठेवून माणूसच फिरत्या पाटावर उभा करतात. पुतळा मातीचा नसतो, लाखो बिंदूंचा असतो आणि संगणकाच्या पडद्यावर असतो.

या पुतळ्याला टेप लावायची वेळ आली की टेलरमास्तर किती हुशार असतात ते कळतं. आठवा, जूनमध्ये गणवेशाचं माप द्यायला गेलात की मास्तर गळ्यातला टेप काढून भराभर आकडे सांगतात, "छाती अठ्ठावीस, शोल्डर तेरा..." आणि वहीत लिहून शेजारी कापडाची चिंधी टाचतात. छातीला टेप लावताना आत दोन बोटं घालतात, म्हणजे शर्ट घट्ट होत नाही. आणि तेवढ्यात आई म्हणते, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं!" संगणकाला हे सगळं शिकवावं लागतं. पाठीला मधोमध खोलगट पन्हळ असते. टेप त्या पन्हळीत शिरत नाही, वरून सरळ जातो. संगणकाने बिंदूंवरून काटेकोर फिरून घेर मोजला, तर तो पन्हळीत उतरतो आणि उत्तर टेपपेक्षा मोठं येतं. म्हणून संगणकालाही बिंदूंभोवती जणू रबरबँड ताणून बसवल्यासारखा घेर घ्यायला सांगतात. मग दोघांची मापं जुळायला लागतात.

केस हा आणखी एक शत्रू. आंबाडा घातला की उंची वाढली! म्हणून स्कॅनर वापरताना डोक्याला घट्ट टोपी आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे घालायला देतात. हाडं तर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. माप घेणारा माणूस बोटाने चाचपून सांगतो, ही इथे शेवटची बरगडी, हे कमरेचं हाड. अमेरिका, नेदरलँड्स आणि इटली या तीन देशांत १९९८ पासून हजारो लोकांची अंगं लेझरच्या यंत्रांनी मोजली गेली, तेव्हा आधी जाणकारांनी हाडं चाचपून प्रत्येकाच्या अंगावर सत्तरेक खुणा चिकटवल्या होत्या. हेच देश का, तर नेदरलँड्सची माणसं खूप उंच आणि इटलीची त्यामानाने बुटकी. दोन्ही टोकं धरली की मधले सगळे त्यात येतात.

अंतराळवीरांनाही कॅमेऱ्यांनी मोजलंय बरं का. १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात तीन तुकड्यांत मिळून नऊ जण राहून आले. तिसरी तुकडी तर ८४ दिवस वर होती. जाण्याआधी आणि परत आल्यावर प्रत्येकाचे असे जोडीचे फोटो घेतले आणि त्यांवरून अंगाच्या प्रत्येक भागाचं आकारमान काढलं. सगळ्यात जास्त घट कुठे दिसली? पायांत! वजनच जाणवत नाही अशा जागी अंगातलं पाणी पायांकडे न थांबता वर छाती-डोक्याकडे सरकतं, आणि न चालल्यामुळे पायांचे स्नायूही रोडावतात. उंचीचं मात्र उलट. पाठीच्या कण्यावरचा भार नाहीसा झाला की मणक्यांमधल्या मऊ चकत्या फुगतात आणि अंतराळवीर ३ टक्क्यांपर्यंत उंच होतो. पृथ्वीवर परतला की पुन्हा मूळ उंचीवर.

आपल्या देशातही असं मोठं काम हाती घेतलं गेलं. दुकानातले तयार कपडे बघा, मापाच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ब्रिटन किंवा अमेरिकेच्या पद्धतीचे आकडे असतात. शर्ट छातीला बसतो तर बाही लांब, पँट कमरेला बसते तर पायात लोळते. म्हणून भारत सरकारचं वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी संस्था यांनी 'इंडियासाइज' नावाची पाहणी सुरू केली. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांना शरीर स्कॅनरमध्ये मोजायचं आणि त्यावरून भारतीय मापांचा तक्ता करायचा, असा तो बेत. निवडलेल्या ६ शहरांत आपली मुंबईही होती. माझं मत विचाराल, तर हे काम पन्नास वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, आणि पंधराच्या आतल्या मुलांसाठीही व्हायला हवं. बाकांची उंची, दप्तरांचे पट्टे, सायकली, सगळं तुमच्या मापाने बनायला पाहिजे.

पण मोजमापाची सगळ्यात जास्त गरज आहे ती तुमच्याहून लहान मुलांना. अंगणवाडीत गेलात तर बघा, सेविकाताई बाळांचं वजन करतात, उंची मोजतात आणि लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांची एक टेप दंडाला गुंडाळून दंडघेर बघतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते बाळ अतितीव्र कुपोषित आहे आणि त्याला लगेच उपचार हवेत. १२.५ च्या आत असलं तरी काळजी घ्यायला हवी. म्हणजे सारा खेळ एका सेंटीमीटरचा! आणि बाळ काय मोजू देतं का? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फळीवर आडवं झोपवून लांबी मोजतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, आणि बाळ भोकाड पसरून पाय झाडत असतं. आकडा नेमका येणार कसा? कॅमेऱ्याला एक क्षण पुरतो. म्हणून अमेरिकेत अटलांटा शहरात टॅबलेटला ठिपक्यांचा कॅमेरा जोडून पाच वर्षांच्या आतली शेकडो मुलं मोजून पाहिली, आणि निकाल आशा वाटावी असे आले. मग ग्वाटेमाला, केनिया आणि चीनमध्ये हीच पद्धत प्रत्यक्ष कामात वापरून पाहिली. तिथे कॅमेऱ्याचं माप टेप-फळीइतकं अचूक ठरलं नाही. तेव्हा आज तरी सेविकाताईंचा हात आणि ती तिरंगी टेप यांनाच मान आहे. ही कसर भरून काढायचं काम शिल्लक आहे, आणि ते करणारं कुणीतरी कदाचित आत्ता हा लेख वाचत असेल.

एक सांगून ठेवते. तुमच्या अंगाची मापं ही तुमची स्वतःची आहेत. मोबाइलवर एखादं अ‍ॅप "फोटो द्या, माप सांगतो" म्हणालं, तर आईबाबांना विचारल्याशिवाय फोटो देऊ नका. चांगले शास्त्रज्ञ माप घेण्याआधी परवानगी मागतात, आणि मुलांचं माप असेल तर पालकांचीही.

आता तुमच्यासाठी काम. अंतराळवीर वर गेल्यावर त्याचा कणा लांबतो, तसा तुमचाही रोज रात्री थोडासा लांबतो आणि दिवसभरात दबतो. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभे राहा, कुणाला तरी डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करायला सांगा. रात्री झोपण्याआधी पुन्हा तसंच करा. दोन खुणांमध्ये एखाद्या सेंटीमीटरचा, कधी त्याहून थोडा जास्त फरक दिसेल. दोन्ही मापं तीन-तीनदा घ्या, वेळ लिहा, आणि घरातल्या सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडून आमच्याकडे पाठवा. आजी-आजोबांना मोजायला विसरू नका.